घरच्या गॅरेजमध्ये जुनी गाडी रंगवताना: पत्र्यापासून पॉलिशपर्यंत

रंग फुगला, सुरकुतला, पापुद्रे सुटले किंवा दोन महिन्यांत चमक गेली, की सगळा दोष शेवटच्या कोटावर जातो. गन चांगली नव्हती, थिनर हलका होता, हवा दमट होती. कधीकधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा चूक तीन-चार थर खाली झालेली असते आणि वरचा रंग ती उघडी पाडतो. म्हणून इथे सगळं खालून वर सांगतो: आधी पत्रा, मग प्राइमर आणि पुट्टी, रंग अगदी शेवटी. कुठल्या थराला खाली काय लागतं आणि तो मुरायला किती वेळ घेतो, हे पाळलं तर घरच्या गॅरेजमध्येही कारखान्याच्या तोडीचं काम होतं.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: गाडी खरंच रंगवायला हवी आहे का? कारखान्यातला मूळ रंग उन्हाने पांढुरका पडला असेल, पण पत्र्याला धरून असेल, तर आधी एका कोपऱ्यात हाताने पॉलिश करून बघा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर वर वेगळा क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगी पारदर्शक थर, नाही, आणि अशा रंगाचा वरचा मेलेला थर निघाला की खालून बराच चांगला रंग निघतो. मूळ रंग एकदा खरवडला की परत मिळत नाही. तो वाचण्यासारखा असेल तर वाचवावा, असं माझं ठाम मत आहे.

जुना रंग कोणता आहे?

मोटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर १९२०च्या दशकात आला. पुढे अल्किड एनॅमल, ॲक्रिलिक लॅकर आणि मग हार्डनर मिसळून वापरायचे टू-के रंग आले. रंगावर वेगळा क्लिअर कोट मारायची पद्धत १९८०च्या दशकात सर्रास झाली. गाडीच्या वयावरून मूळ रंगाचा अंदाज येतो, पण मधल्या वर्षांत कोणी त्यावर काय मारलं आहे ते त्यावरून कळत नाही. पांढऱ्या फडक्यावर लॅकर थिनर घ्या आणि सहज दिसणार नाही अशा जागी अर्धा मिनिट दाबून धरा. रंग विरघळून फडक्यावर आला तर लॅकर. सुरकुतून वर उचलला तर पूर्ण न मुरलेलं एनॅमल. काहीच झालं नाही तर टू-के किंवा भट्टीत भाजलेला कारखान्याचा रंग.

या चाचणीवर पुढचं सगळं अवलंबून आहे. जुन्या लॅकरवर टू-के थेट मारला तर नव्या रंगातलं सॉल्व्हंट खालचा लॅकर मऊ करतं, तो फुगतो, आणि वाळताना कडांना सुरकुत्या पडतात. लगेच पडल्या नाहीत तरी जाड लॅकर पुढे तडकतो आणि त्या तड्यांच्या रेषा वर उमटतात. लॅकर असेल, किंवा एकावर एक रंगांचे तीन-चार थर साचलेले असतील, तर पत्र्यापर्यंत काढा. मधला मार्ग नाही.

जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या-लाल छटांत आणि तांबड्या प्राइमरमध्ये, शिसं असू शकतं. काही जुन्या गाड्यांचे छताचे सांधे तर कारखान्यातच शिशाने भरलेले असतात. असा रंग कोरडा घासून धूळ उडवायची नाही. पाणी लावून घासा, पी-१०० फिल्टरचा मास्क लावा, कामाचे कपडे वेगळे धुवा आणि गॅरेजमध्ये खाणंपिणं नको. टॉर्चने जाळून रंग काढण्याचा विचारही करू नका.

उघडणे

सुटा भाग काढण्याआधी फोटो, मग पिशवी, पिशवीवर नाव. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लोक करतात ती गोष्ट म्हणजे बोल्ट काढल्यावर भाग बाजूला ठेवून तोच बोल्ट त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवणं. जुन्या गाडीत बोल्टांची लांबी जागोजाग बदलते, आणि लांब बोल्ट चुकीच्या जागी गेला तर तो आतून पत्रा भोसकून नव्या रंगातून बाहेर येतो. दारं काढण्याआधी बिजागरी आणि खांब यांतून आरपार ३ मिलिमीटरचं एक भोक पाडून घ्या. परत लावताना त्यात ड्रिल बिट अडकवलं की दार जवळपास जुन्याच जागी बसतं.

पुढची-मागची काच काढाच. रबराच्या कडेपर्यंत मास्किंग करून रंगवलेली गाडी वर्षभरात तिथूनच फुगते, कारण रबराखालच्या पन्हाळीत पाणी बसून आधीच गंज धरलेला असतो. वेल्डिंग करायचं असेल तर पेट्रोलची टाकी, बॅटरी, सीट, गालिचे आणि छताचं कापड गाडीबाहेर जायला हवं. खालचं डांबरी अंडरकोटिंगही वेल्डिंगच्या जागेपासून हातभर खरवडून टाका. ते पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला पेटतं आणि वरून दिसत नाही.

गंज

गंज शोधायला डोळ्यांपेक्षा लोहचुंबक आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर बरे. पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक जिथे धरत नाही तिथे जाड पुट्टी आहे. स्क्रू-ड्रायव्हर जिथे आत जातो तिथे पत्रा संपला आहे. दारांखालची सिल, चाकांच्या कमानी, दारांचा तळ, बॅटरीचा ट्रे, डिकीचा तळ, काचेच्या खालचे कोपरे आणि पायाखालचा पत्रा या जागा आधी बघा. सगळ्या एकाच कारणाने सडतात: पाणी जायची भोकं मातीने बुजतात आणि पाणी आतून पत्रा खातं. बाहेर दिसणारा नाण्याएवढा फोड आत तळहाताएवढा असतो.

पृष्ठभागावरचा तांबूस गंज घासून निघतो. खड्डे पडले असतील तर घासून तळाशी काळे ठिपके उरतात. त्यांना फॉस्फरिक ॲसिडचं द्रावण लावून, डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन पूर्ण वाळवावं लागतं. भोक पडलं असेल तर तिथे रसायनाचा किंवा फायबरग्लासचा उपयोग नाही. चकचकीत, जाड पत्रा लागेपर्यंत कापा आणि नवा तुकडा वेल्ड करा.

बाहेरच्या पत्र्याला ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचा तुकडा आणि मिग वेल्डरला ०.६ मिलिमीटरची तार चालते. तुकडा कडेला कड भिडवून, साधारण तारेच्या किंवा पत्र्याच्या जाडीइतकी फट ठेवून बसवा. एकावर एक चढवलेल्या पत्र्यांच्या मध्ये पुन्हा पाणी शिरतं. सलग रेघ ओढायची नाही. एक ठिपका इथे, पुढचा तुकड्याच्या पलीकडच्या कडेला, मग आधीचा हाताला सोसवेल इतका निवाल्यावर त्याच्या जवळ. ठिपके २५-३० मिलिमीटर अंतरावर सुरू करून मधल्या जागा भरत जा. घाईने एकाच बाजूला उष्णता दिली की पत्रा ताणतो, आणि मग सपाट भाग दाबल्यावर डब्याच्या झाकणासारखा टकटक करतो. असा पत्रा पुट्टीने झाकता येत नाही, कारण तो हलत राहतो आणि पुट्टी तडकते.

सिल कापताना गाडी वाकते. दाराच्या चौकटीत आडवी-तिरपी लोखंडी पट्टी वेल्ड करून तिला आधार दिल्याशिवाय कटर लावू नका. जुनी सिल काढण्याआधी दारांच्या फटी मोजून लिहून ठेवा आणि नवी पक्की करण्याआधी दार लावून पुन्हा मोजा. बऱ्याच जुन्या गाड्यांत फट ४-५ मिलिमीटरची असते. आकड्यापेक्षा ती वरपासून खालपर्यंत सारखी असणं महत्त्वाचं. बॉनेट, मडगार्ड, डिकी आणि दारं रंगाआधी एकदा पूर्ण जोडून सगळ्या फटी जुळवा, आणि मगच रंगासाठी पुन्हा उतरवा. रंग झाल्यावर फट जुळवायची म्हणजे नव्या रंगाच्या कडा तोडणं.

रंग काढणे आणि पहिला प्राइमर

रासायनिक स्ट्रिपर पत्र्याला ताण देत नाही, पण तो दुमडलेल्या कडांत आणि सांध्यांत शिरून बसतो आणि पुढे तिथूनच रंग उचलतो. म्हणून कडेपासून इंचभर आत टेप लावा, मधला भाग स्ट्रिपरने काढा आणि कडा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने हाताने घासा. वाळूचा मारा चेसिस, चाकं आणि सस्पेन्शनच्या भागांना उत्तम. बॉनेट, छत आणि दारांच्या सपाट पत्र्याला मात्र नको. कणांच्या माऱ्याने पत्र्याची एक बाजू ताणली जाते आणि अख्खं पॅनल वाकतं. सोड्याच्या माऱ्याने पत्रा वाकत नाही, पण मागे उरलेली पूड नीट धुतली नाही तर वरचा प्राइमर धरत नाही.

उघडा पत्रा हाताच्या घामानेही गंजतो. हातमोजे घालूनच काम करा, आणि एका दिवसात जितका भाग उघडता येईल आणि त्याच दिवशी प्राइमरखाली झाकता येईल, तितकाच उघडा.

पत्र्यावर पहिला थर इपॉक्सी प्राइमरचा असावा. आधी ग्रीस रिमूव्हरने दोन फडक्यांनी पुसा: एका ओल्याने लावायचं आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलायचं. एकच फडकं फिरवलं तर तेल एका जागेवरून दुसरीकडे पसरतं. मग ८० ते १८० नंबरच्या पेपरने घासून पुन्हा तसंच पुसा आणि इपॉक्सीचे दोन कोट द्या. घासण्याआधी पुसणंही तितकंच गरजेचं आहे, नाहीतर पेपर तेल ओरखड्यांच्या आत दाबतो. इपॉक्सी पाणी अडवतो, पत्र्याला घट्ट धरतो आणि त्यावर पुट्टीही बसते.

एच प्राइमर, म्हणजे ॲसिडवाला, स्वतःच्या जागी चांगला आहे. पण त्यावर पुट्टी लावायची नाही, कारण ॲसिड पुट्टीतल्या पॉलिएस्टरचं कडक होणं बिघडवतं. त्यावर इपॉक्सी मारायलाही बहुतेक रंग कंपन्या मनाई करतात. घरच्या कामात एच प्राइमर बाजूला ठेवा आणि पूर्ण गाडीला इपॉक्सीच वापरा. सांध्यांना सीम सीलर लावायचा तो इपॉक्सीनंतर. उघड्या पत्र्यावर लावलेल्या सीलरखाली गंज निवांत वाढतो.

पुट्टी

पुट्टीचा पातळ थर हातोडी आणि डॉलीच्या (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याच्या) कामातल्या शेवटच्या उणिवा भरायला असतो. डेंट आधी ठोकून वर काढा: उंचवट्यावर हातोडी आणि आतून शेजारच्या खोलगट भागाखाली डॉली, हलके आणि पुष्कळ ठोके. पत्रा २-३ मिलिमीटरच्या आत आला की मग पुट्टी. त्याहून जाड पुट्टी पत्र्याच्या प्रसरण-आकुंचनाबरोबर चालत नाही आणि कडेला रेघ उमटते.

हार्डनर वजनाने साधारण २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम. अंदाजाने पिळण्यापेक्षा छोटा वजनकाटा वापरा. हार्डनर जास्त झाला तर पुट्टी लवकर कडक होते खरी, पण हार्डनरमधलं उरलेलं पेरॉक्साइड वरच्या रंगात चढून पिवळसर-तपकिरी डाग उमटवतं. कमी झाला तर पुट्टी आतून मऊ राहते, पेपर भरून जातो आणि काही आठवड्यांनी ती जागा बसते. पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या पाटीवर मिसळा. पुठ्ठा पुट्टीतलं स्टायरीन शोषतो. घोटून फेटायचं नाही, पट्टीने दाबत ओढत मिसळायचं. फेटल्याने हवा आत जाते आणि घासल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. रंगाखाली ती दिसतातच, म्हणून वर बारीक पुट्टीचा घट्ट दाबलेला थर ओढावा लागतो. एका वेळी मूठभरच मिसळा, कारण साधारण २० अंशांवर हातात चार-सहा मिनिटं मिळतात.

पुट्टी कोरडीच घासा. उघडी पुट्टी पाणी पिते, ते पाणी प्राइमरखाली कोंडतं आणि पहिल्या कडक उन्हात फोड येतात. गाडी लांब उन्हात उभी राहिल्यावर ठराविक जागीच दाण्यासारखे बारीक फोड उठले, तर कारण बहुधा हेच असतं.

ठोकळा, गाइड कोट आणि वाट पाहणे

इथे सगळ्यात जास्त दिवस जातात आणि जायला हवेत. पुट्टीवर ८० नंबर, मग १२०, मग १८०. त्यावर टू-के फिलर प्राइमरचे दोन-तीन भरगच्च कोट. मध्यम आकाराच्या गाडीच्या बाहेरच्या भागाला मिसळलेला प्राइमर साधारण ४ लिटर लागतो. तो वाळला की वर काळ्या पावडरचा किंवा हलक्या काळ्या रंगाचा गाइड कोट फिरवा आणि लांब, कडक ठोकळ्यावर पेपर लावून घासायला लागा. ठोकळा पॅनलच्या लांबीच्या दिशेला ४५ अंश तिरपा, एकदा उजवीकडे झुकवून, एकदा डावीकडे. बोटांनी घासलं तर बोटांइतक्या रुंदीच्या खोबणी पडतात, त्या प्राइमरवर दिसत नाहीत आणि चकचकीत रंगात लाटांसारख्या दिसतात.

काळा रंग जिथे उरला तिथे खोलगट, जिथे प्राइमर आधीच कापून खालचा थर दिसला तिथे उंचवटा. उंचवटा दिसला की थांबा. शेजारची जागा भरा, उंचवटा घासत बसू नका. ही फेरी काळा ठिपका न उरता पॅनल एकसारखं दिसेपर्यंत चालते. गडद रंगाच्या गाडीला, विशेषतः काळ्या, आणखी एक फेरी लागते. पांढरा बरंच पोटात घालतो, काळा काहीच लपवत नाही.

नंबरांची उडी मारायची नाही. १८० नंतर २४०, ३२०, ४०० असं चढत जा. साध्या रंगाला शेवटचा पेपर ६००, मेटॅलिकला ८००, आणि हे शेवटचे पाण्याने. १८० वरून थेट ६०० वर गेलं तर खोल ओरखडे तसेच राहतात आणि प्राइमर त्यांच्या कडांवर उभा राहतो. नव्या रंगातलं सॉल्व्हंट त्या कडा फुगवतं, रंग तेव्हा सपाट दिसतो, आणि आठवड्यांनी सॉल्व्हंट उडून कडा बसल्या की घासल्याच्या रेषा उमटून येतात.

तसंच आकुंचनाचं. जाड प्राइमर डब्यावरच्या वेळेत घासण्याजोगा होतो, पण आतलं सॉल्व्हंट पुढे कित्येक दिवस निघत राहतं. तोवर खालच्या पुट्टीची कड, वेल्डची रेघ, सगळं थोडं थोडं खाली बसतं. शेवटचं घासणं करण्याआधी गाडी दोन-तीन आठवडे उन्हाच्या ऊबेत, पाण्यापासून दूर उभी ठेवता आली तर ठेवा. घरी काम करण्याचा मोठा फायदा इथेच आहे. गिऱ्हाइकाच्या तारखेमागे धावणाऱ्या वर्कशॉपला एवढं थांबणं परवडत नाही.

गॅरेज, हवा आणि तुमची फुफ्फुसं

टू-के रंग, क्लिअर आणि टू-के प्राइमर यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या वाफेनेही झटका येतो. त्याला ओळखता येईल असा वास नसल्याने काडतुसाचा मास्क संपला आहे हे कळत नाही. बंद गॅरेजमध्ये फवारताना बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, अंगभर सूट आणि नायट्राइलचे हातमोजे लागतात, कारण ते कातडीतूनही जातं. हा मास्क नसेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: पत्रा, पुट्टी, घासणी सगळं घरी करा, टू-केची फवारणी मात्र भाड्याच्या बूथमध्ये करा किंवा करवून घ्या. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये ती वाफ घरातल्यांपर्यंतही पोचते.

सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते आणि ठिणगीने पेटते. गीझरची ज्योत, फ्रिज, साधा पंखा, चालू-बंद होणारा कॉम्प्रेसर यांतलं काहीही त्या खोलीत नको. वाफ ओढणाऱ्या पंख्याची मोटर हवेच्या वाटेत नसलेली, अशा कामासाठीच बनवलेली हवी.

धुळीसाठी भिंती आणि छत प्लास्टिकने झाका, आत येणाऱ्या हवेला फिल्टर लावा आणि फवारणीआधी जमीन ओली करा. दिवे फक्त वर असले तर दारांच्या खालच्या भागात काय चाललं आहे ते कळत नाही. बाजूला, कमरेच्या उंचीवर लावलेल्या दिव्याचं प्रतिबिंब ओल्या रंगात दिसलं पाहिजे. ठिणगीने वाफ पेटवणार नाही असा स्फोटरोधक दिवा घ्या आणि तो फवारणीच्या टप्प्याबाहेर, प्लास्टिकमागे ठेवा. तापमान २० ते २५ अंश बरं, आणि पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम असायला हवा. थंड पत्र्यावर न दिसणारं पाणी धरतं आणि रंग पांढरट पडतो किंवा पुढे फोड येतात. टायर पॉलिशसारखी सिलिकॉनची वस्तू गॅरेजमध्ये फवारूच नका. तिचा अंश हवेतून पॅनलवर बसतो आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

एचव्हीएलपी, म्हणजे जास्त हवा कमी दाबाने फवारणाऱ्या, गनला मिनिटाला २५० ते ४०० लिटर हवा लागते. कॉम्प्रेसरवर लिहिलेला आकडा बहुधा पिस्टनच्या विस्थापनाचा असतो, प्रत्यक्षात मिळणारी हवा त्याहून बरीच कमी. कॉम्प्रेसर लहान असेल तर एलव्हीएलपी, म्हणजे कमी हवा आणि कमी दाबाची, गन घ्या. ती निम्म्या हवेत चालते, फक्त काम सावकाश होतं. वॉटर सेपरेटर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी लावून फायदा नाही. तिथे हवा गरम असते आणि पाणी वाफेच्या रूपातच पुढे जातं. सात-आठ मीटर पाइप जाऊन हवा निवल्यावर लावा, आणि टाकीतलं पाणी रोज सोडा.

फवारणी

जुन्या गाडीच्या साध्या, मेटॅलिक नसलेल्या रंगाला मी सिंगल स्टेज, म्हणजे वर क्लिअर न लागणारा, टू-केच सुचवेन. क्लिअर कोटची काचेसारखी खोली १९६०च्या गाडीवर परकी दिसते, आणि सिंगल स्टेजवरचे ओरखडे नंतर काढणंही सोपं जातं. मेटॅलिकला बेस (खालचा रंगाचा थर) आणि वर क्लिअर हवाच. शेड जुळवायला उन्हाने उडालेला भाग देऊ नका. डॅशबोर्डखालचा, रबराखालचा किंवा डिकीतला झाकलेला रंग पॉलिश करून त्यावरून जुळवा. रंगाचे डबे एकाहून जास्त असतील तर सगळे एका मोठ्या भांड्यात एकत्र करून मगच वापरायला घ्या. एकाच कोडच्या दोन डब्यांतही छटा सरकते.

बाहेरून पूर्ण गाडीला एका कोटाला एक ते दीड लिटर तयार रंग लागतो, त्यावरून हिशेब करा आणि वर अर्धा लिटर राखीव ठेवा. दारांच्या आतल्या कडा, इंजिनची खोली, डिकीची पन्हाळ आधी रंगवून वाळवा, झाका, मग बाहेरचं. नोझल प्राइमरला १.७ ते २.०, रंगाला आणि क्लिअरला १.३ किंवा १.४. गाडीकडे वळण्याआधी कागदावर एक क्षण ट्रिगर दाबा. ठसा दोन्ही टोकांना सारखा, मध्ये भरीव असायला हवा. तो चंद्रकोरीसारखा वाकला तर गनच्या तोंडावरच्या कॅपच्या शिंगाचं एक भोक बुजलं आहे.

गन १५ ते २० सेंटिमीटरवर, पॅनलला काटकोनात. हात मनगटातून फिरवला तर टोकांना अंतर वाढतं आणि रंग कोरडा पडतो, म्हणून सगळं शरीर चालवा. ट्रिगर पॅनलच्या बाहेर दाबा, बाहेरच सोडा. साध्या रंगाला आधीच्या पट्ट्याचा अर्धा भाग झाका, मेटॅलिकला तीन चतुर्थांश. छताने सुरुवात करा, निम्मं एका बाजूने आणि निम्मं दुसऱ्या बाजूने, मग एका दिशेने गाडीभोवती फिरा.

दोन कोटांमध्ये डब्यावर दिलेला वेळ, साधारण १० ते १५ मिनिटं, थांबायचं म्हणजे थांबायचं. मास्किंग टेपवर पडलेला रंग बोटाने चाचपून बघा, पॅनलवर बोट नको. घाई केली तर वरचा थर कातडी धरतो आणि खालचं सॉल्व्हंट बाहेर पडताना बारीक छिद्रं करतं. छिद्रं पडली नाहीत तर ते आत अडकून राहतं आणि काही आठवड्यांनी चमक बसते. बेस पूर्ण निस्तेज झाल्याशिवाय क्लिअर नाही. मेटॅलिक ढगाळ दिसत असेल तर बेस फार ओला मारला आहे. गन थोडी लांब धरून, दाब न वाढवता एक हलका, सारखा कोट शेवटी फिरवा. सुटी पॅनल्स मेटॅलिकने रंगवायची तर ती गाडीवर असतात तशाच स्थितीत टांगा. आडव्या आणि उभ्या पत्र्यावर चमकीचे कण वेगळे बसतात आणि छटा वेगळी दिसते.

क्लिअरचे दोन भरीव कोट पुरतात. नंतर घासायचं असेल तर तिसरा. ओघळ आला तर ओल्यात हात लावू नका. काही दिवस मुरू द्या, मग आजूबाजूला टेप लावून ब्लेडने किंवा कडक छोट्या ठोकळ्यावरच्या १००० नंबरने फक्त तोच उंचवटा कापा. मास्किंग टेप मात्र रंग अजून मऊ असतानाच, कडेपासून मागे वळवून काढा. कडक झाल्यावर काढली तर कड दातेरी तुटते.

घासून चमकवणे आणि जोडणे

टू-के मुरल्यावर संत्र्याच्या सालीसारखा पोत १५००, २०००, ३००० या क्रमाने पाण्याने घासून काढा, पाण्यात थेंबभर साबण टाकून. कडा आणि बॉडीच्या उठावदार रेषांवर आधी टेप लावा. तिथे रंग मुळातच पातळ असतो आणि मशीनच्या एका फेऱ्यात प्राइमर दिसतो. जाडी मोजायचं यंत्र हाताशी असेल तर सुरुवातीला आणि मधेमधे आकडा घ्या. मशीन सावकाश, पॅड पॅनलवर सपाट, आणि एका जागी थांबायचं नाही. मेण पहिले दोन-तीन महिने लावू नका, उरलेलं सॉल्व्हंट निघून जाऊ द्या.

जोडणीत नव्या रंगाचा मोठा शत्रू ब्रेक ऑइल आहे. डॉट ३ आणि डॉट ४ काही मिनिटांत रंग मऊ करतात. ब्रेकचं काम रंगाआधी संपवा, नाही जमलं तर मडगार्ड जाड कापडाने झाका आणि सांडलं की पुसण्याआधी भरपूर पाणी ओता. पाना लागेल तिथे बोल्टभोवती टेपचे दोन थर लावा. काच बसवताना रबराच्या खोबणीत सुतळी फिरवून टोकं आत ठेवा, साबणाचं पाणी लावा, एकाने बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्याने आतून सुतळी ओढत रबराची ओठ आत घ्यायची. दारांचं नवं रबर जाड असतं, त्यामुळे सुरुवातीला दार घट्ट लागतं. लॉक लगेच सैल करू नका, काही दिवस दार बंद ठेवून रबर बसू द्या.

सगळं जोडून झालं आणि दिवे मिणमिणते, इंडिकेटर वेडेवाकडे चालू लागले, तर वायरिंग उघडण्याआधी अर्थिंगच्या जागा बघा. नवा रंग वीज अडवतो. दिव्यांच्या कंसाखाली, बॅटरीच्या अर्थ पट्टीखाली आणि इंजिन-बॉडीच्या जोडपट्टीखाली पैशाएवढा पत्रा उघडा करा, बोल्ट घट्ट करा आणि वरून ग्रीस लावा. शेवटी सिल, दारं आणि चेसिसच्या पोकळ भागांत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज अडवणारं मेण, सोडा, आणि ते वाळायच्या आत तारेने खालची पाणी जायची सगळी भोकं मोकळी करून घ्या.